तीन लाख फिरलेली पिकअप

सावदा, ता. रावेर

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार.

फोनवर तू 'घेऊ का नको, एका शब्दात सांग' म्हणालास, पण हे एका शब्दाचं काम नाही रे भो. म्हणून लिहायला बसलो. तू बघितलेली पिकअप २०१४ ची, मीटर तीन लाख किलोमीटरवर, मालक सांगतो 'इंजिन अजून उघडलेलंच नाही', आणि तुझा नाशिकचा शेजारी म्हणतो की डिझेल गाडी दहा वर्षांत संपते.

शेजाऱ्याचं आधी निकालात काढू. दहा वर्षांची ती भानगड दिल्लीची आहे. तिथल्या हवेपायी हरित लवादाने २०१५ मध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी केली आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती उचलून धरली. गाडी किती झिजते याचा आणि त्या निकालाचा काडीचा संबंध नाही. आपल्याकडे पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) होतंय तोवर गाडी चालते.

आता तीन लाखांचं. मेहनतीच्या डिझेल इंजिनाला तीन लाख म्हणजे काही म्हातारपण नव्हे. पेट्रोलच्या इंजिनात हवा साधारण दहापट दाबली जाते, डिझेलमध्ये सतरा-अठरापट, कारण ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच डिझेल पेटवायचं असतं. एवढा दाब सोसायचा म्हणून ब्लॉक जाड, क्रँकचा दांडा जड, आणि इंजिनाचे फेरेही कमी. म्हणून ते टिकतं. ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्याची १९७६ ची मर्सिडीझ २४० डी ४६ लाख किलोमीटर चालली आणि २००४ मध्ये कंपनीने ती आपल्या संग्रहालयात नेऊन ठेवली. ऐकायला भारी वाटतं, पण वाटेत त्या गाडीची इंजिनं कितीदा तरी बदलली होती, हे सांगणारे फार कमी. अमेरिकेतले लोक पिकअपच्या आयुष्याच्या गोष्टी सांगायला लागले की १९८९ पासून डॉजमध्ये बसवलेल्या कमिन्सच्या ५.९ लिटर, सहा सिलिंडरच्या इंजिनावर येतात. त्याच घराण्यातलं इंजिन जमशेदपूरला बनून आपल्याकडच्या टाटांच्या ट्रकांत बसलं. पण ते मुळात ट्रकचं इंजिन. आपल्या अडीच लिटरच्या पिकअपकडून तेवढी अपेक्षा धरू नये. नीट वागवलं तर तीन-चार लाखांना एकदा इंजिनकाम (इंजिन उघडून पुरी दुरुस्ती) निघतं आणि त्यानंतर ते पुन्हा तेवढंच चालायला तयार असतं. आमच्या गाडीचं मीटर साडेपाच लाखांच्या पुढे बंद पडलं. पुढचा हिशेब मी ठेवलेला नाही.

खरं तर मीटरच फसवं आहे, आणि मालकाने मागे फिरवलं असेल म्हणून नव्हे. (तेही होतं म्हणा.) जळगाव-धुळे हायवेवर कुरिअरचा माल नेणारी गाडी ताशी चाळीसच्या सरासरीने चालली, तर तीन लाखांत इंजिन साडेसात हजार तास फिरतं. आमच्या केळीच्या गाड्या मळ्यातून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये निघतात, घड भरेपर्यंत बांधावर इंजिन चालूच, मग वजनकाट्यावर रांग. सरासरी पंधरा धर. त्याच तीन लाखांना वीस हजार तास होतात. मीटरवर आकडा तोच, झीज जवळजवळ तिप्पट. ऑइल बदलताना किलोमीटर मोजणारे इथेच फसतात. मळ्यातल्या गाडीचं ऑइल पुस्तकात लिहिलेल्या आकड्याच्या बरंच आधी काळं डांबर झालेलं असतं.

म्हणून मालकाला पहिला प्रश्न किलोमीटरचा करू नकोस. गाडीत काय भरायचा आणि किती भरायचा, ते विचार. दीड टनाची गाडी आणि भरतात अडीच. मागच्या पाट्यांत (स्प्रिंगच्या पट्ट्यांत) एक जादा पाटा टाकला की गाडी बसलेली दिसत नाही आणि मालकाला वाटतं, झालं काम. पाट्याने वजन उचललं, पण चेसी, धुरा, क्लच आणि ब्रेक होते तेवढेच राहिले ना! आमचे नाना दीड टनाच्या वर पाटीभर माल चढू देत नसत. व्यापारी तोंडावर हसायचे, दुसरी गाडी बघायचे. आमच्याच गल्लीत त्याच वर्षी घेतलेली दुसरी एक पिकअप होती. तिची चेसी मागच्या हँगरपाशी, म्हणजे पाटे अडकतात तिथे, दोनदा वेल्डिंग झाली आणि शेवटी ती भंगारात गेली तेव्हा इंजिन ठणठणीत होतं. ते इंजिन काढून कुणीतरी विहिरीवरच्या पंपाला जोडलं. बहुतेक पिकअपा अशाच मरतात. इंजिन मागे राहतं, खालची गाडी आधी संपते.

खालची गाडी संपवायला खतही हातभार लावतं. केळीला पोटॅश भरमसाट लागतं, आणि म्युरेट ऑफ पोटॅश हे क्लोराइडचं मीठ. गोण्या फाटतात, सांडलेलं खत हौद्यात पडून राहतं, वर केळीच्या ओल्या पानांचा पाला, झाला गंजाचा मळा. खत वाहिल्यावर हौदा पाण्याने धुणारा मालक मी क्वचितच पाहिला. हौद्याचा पत्रा बदलता येतो, त्याचं एवढं नाही. पण त्याखालच्या आडव्या पट्ट्यांत बोट घालून बघ. पापुद्रे निघत असतील तर ती गाडी सोड.

इंजिन खरंच कशाने मरतं, विचारशील तर इकडे दोन गोष्टींनी. धूळ आणि ऊन. काळ्या मातीची धूळ एअर फिल्टरमध्ये बसते, ड्रायव्हर फिल्टर टायरवर आपटून परत लावतो. आपटता आपटता कागदाला बारीक चीर पडली की सगळी माती सिलिंडरमध्ये, आणि वर्षानुवर्षं टिकणाऱ्या पिस्टनच्या रिंगा एका हंगामात साफ. उन्हाचं तुला काय सांगू! भुसावळात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे, गाडी भरलेली, आणि रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचं पाणी. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यातले क्षार तुला माहीत आहेत, घरची घागर आतून पांढरी होते. तसाच थर इंजिनाच्या आत चढतो. सपाटीला कळत नाही. कन्नड घाट चढायला लागलं की काटा लाल रेषेवर. एका नातेवाइकाचा ड्रायव्हर 'वर जाऊनच थांबू' म्हणत चढत राहिला. वर पोचेपर्यंत इंजिनाचं हेड (वरचं झाकण) वाकलं होतं. त्याच घाटात उतरताना डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे महाभागही आहेत. त्यांच्याबद्दल काही लिहीत नाही, वहिनी पत्र वाचत असतील.

आता बघायला कसा जाशील ते सांगतो. सकाळी सहाला जा. आधी बोनेटला हात लाव. गरम लागलं तर मालकाने तू येण्याआधी इंजिन तापवून ठेवलंय असं समज. थंड गाडी पहिल्या दोन-तीन फिरक्यांत लागली पाहिजे. धूर बघ. निळा म्हणजे ऑइल जळतंय. काळा असेल तर फिल्टर चोंदलेला किंवा डिझेल फवारणारे नोझल, पंप बिघडलेले. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर हेडकडे संशय घे. मग चालू इंजिनावर ऑइलचं झाकण उघडून तळहात वर धर. थोडी वाफ चालते. भकाभका हवा येऊन तळहात ओला झाला, तर रिंगा गेल्या. रेडिएटरचं झाकण मात्र इंजिन थंड असतानाच उघडायचं, ऑइलचा तवंग दिसतो का बघायला. त्यानंतर खाली झोप, कपड्यांची पर्वा करू नकोस, आणि टॉर्च मारून मागच्या पाट्यांच्या हँगरपाशी वेल्डिंगचे फोड शोध. बैलाचे दात बघतो ना आपण, तसं हे. नव्या काळ्या रंगाचा पट्टा दिसला तर तो नखाने खरवडायचा.

'इंजिन उघडलेलं नाही' ही मला खूण चांगली वाटत नाही. मीटर आणि झाकण दोन्ही सांगत असतील की काम जवळ आलंय, तर ते तुझ्या पैशाने होणार. उलट ज्याचं काम वर्षा-दोन वर्षांपूर्वी झालंय, किटची बिलं हातात आहेत, क्रँक ग्राइंडिंग केलं का, पंप-नोझल केले का हे मिस्त्री नीट सांगतो, ती गाडी मी डोळे झाकून आधी बघेन.

पुतण्या बीएस-६ (धुराच्या नव्या, कडक नियमांची गाडी) घ्या म्हणतो, असं तू म्हणालास. १ एप्रिल २०२० नंतरच्या गाड्या वाईट नाहीत, ताकद जास्त आहे, धूर नाही. पण त्यातल्या धुराच्या फिल्टरमध्ये काजळी साठते आणि ती जळायला गाडी मधूनमधून हायवेला तापून पळावी लागते. मळा ते सावदा, सावदा ते मळा एवढंच काम असेल तर तो फिल्टर चोंदणार आणि स्कॅनरवाल्याकडे जळगावला जावं लागणार. शिवाय त्यांतल्या कॉमन रेलचा (सगळ्या नोझलांना डिझेल पुरवणाऱ्या नळीचा) दाब हजार बारच्या पलीकडचा. ड्रममधून फडक्याने गाळून डिझेल ओतायची सवय तिथे चालत नाही. २०१४ च्या गाडीचा जुना पंप फैजपूरचा मिस्त्रीही खोलतो. नाशिक-मुंबई भाजीची लाइन करणार असाल तर गोष्ट वेगळी, मग नवीच घ्या.

कागदांचंही बघ. आठ वर्षांनंतर पासिंग दर वर्षी, पर्यावरण कर वेगळा. गाडी जुनी होत जाते तशी फिटनेसची फीही चढत जाते. म्हणजे गाडी चालेल, पण दर वर्षी पासिंगआधी रंग, पाटे, लाइट, ब्रेक यांत पैसे घालावे लागतील. ते वर्षाच्या हिशेबात धर आणि मालक सांगेल त्या किमतीतून एक इंजिनकाम वजा करूनच बोलायला सुरुवात कर. इंजिनकामाचा आकडा मिस्त्रीकडून आधी लिहून आण. तोंडी आकडे वाढतात.

येत्या रविवारी तू येऊ शकत असशील तर आपण दोघंच जाऊ. पुतण्याला नको आणूस, त्याला गाडी आवडलीय हे मालकाला दहा पावलांवरून कळेल.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
भास्कर

ता. क. : पुतण्याच्या लायसन्सला बॅज (मालवाहू गाडी चालवायची वेगळी परवानगी) लागेल का, हे विचारलं होतंस. ७,५०० किलोच्या आतली मालगाडी साध्या एलएमव्ही (हलक्या मोटारगाडीच्या) लायसन्सवर चालवता येते. सुप्रीम कोर्टाने २०१७ ला तसं सांगितलं होतं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने ते कायम केलं. एजंट पैसे मागायला लागला तर देऊ नकोस.