70 किलोंचा माणूस आणि आपले विद्यार्थी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

वैद्यकीय प्रवेशाचा हंगाम आला की नीटचे गुण, प्रवेशफेऱ्या, कटऑफ आणि वाढीव जागा यांनी वृत्तपत्रांची पाने भरून जातात; मात्र प्रवेश मिळालेल्या मुलांना पहिल्या वर्षी काय आणि कसे शिकवले जाते, याविषयी सहसा काही छापून येत नाही. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला शरीरक्रियाशास्त्र, म्हणजे मुलांच्या बोलीत 'फिजिओ', शिकवण्यात माझी नोकरीची सगळी वर्षे गेली. या विषयात अलीकडे झालेले महत्त्वाचे संशोधन, ज्यातले काही तर पुण्यातच झाले, आणि आमच्या वर्गांतले अध्यापन यांच्यात पडलेल्या अंतराबद्दल हे पत्र आहे.

पाठ्यपुस्तक उघडले की 70 किलो वजनाचा एक पुरुष भेटतो. त्याच्या अंगात 42 लिटर पाणी असते, पैकी 28 लिटर पेशींच्या आत आणि 14 लिटर बाहेर. विश्रांतीच्या वेळी त्याचे हृदय मिनिटाला सुमारे 5 लिटर रक्त पुढे ढकलते. आकडे सोयीचे आहेत, गणिते त्यांवर चोख बसतात, आणि मुले ते मुखोद्गत करतात. पण हा गृहस्थ कोण, कुठला, याची चौकशी वर्गात होत नाही. त्याची कुंडली आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने 1975 साली सविस्तर मांडली होती: वय 20 ते 30, वजन 70 किलो, उंची 170 सेंटिमीटर, वंशाने 'कॉकेशियन', राहणी पश्चिम युरोपातली किंवा उत्तर अमेरिकेतली, आणि वास्तव्य सरासरी 10 ते 20 अंश सेल्सिअस तापमानाच्या प्रदेशात. नागपुरातल्या मे महिन्यात या माणसाचे काय होईल, हे वाचकांनीच ठरवावे. किरणोत्सर्गाची मात्रा मोजण्यासाठी असा एक ठोकळा लागतोच, त्याला माझा आक्षेप नाही. तो ठोकळा आहे हे विद्यार्थ्याला सांगितले जात नाही, इतकेच माझे म्हणणे आहे. आपल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा आहारासाठीचा संदर्भ पुरुषसुद्धा पूर्वी 60 किलोंचा होता, तो 2020 साली 65 किलोंचा झाला, आणि संदर्भ स्त्री 55 किलोंची आहे. म्हणजे संदर्भ माणूस हा निसर्गाने दिलेला नसून समितीने ठरवलेला असतो आणि काळानुसार बदलतो, एवढे जरी पहिल्या तासाला सांगितले तरी पुष्कळ काम होईल.

हे मला फार उशिरा, आणि एका विद्यार्थिनीमुळे, समजले. दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. प्रॅक्टिकलला स्पायरोमीटरवर प्रत्येकाने आपापली फुप्फुसाची क्षमता मोजायची होती. जिल्हा पातळीवर खो-खो खेळलेली एक सडपातळ मुलगी फुंकायला बसली आणि यंत्राने 'रिस्ट्रिक्शन', म्हणजे फुप्फुसात पुरेशी हवा मावत नाही, असा शेरा छापला. मी तिला पुन्हा फुंकायला लावले, तीनदा, चारदा, आकडा हलेना. "सर, माझं फुप्फुस लहान आहे का?" असे तिने विचारले, आणि तंत्र चुकले असावे असे सांगून मी तिला जर्नलमध्ये तसेच लिहायला लावले. घरी आल्यावर मात्र चैन पडेना. दुसऱ्या दिवशी यंत्राची मांडणी तपासली, तर तुलनेसाठी त्यात युरोपीय लोकांचे आकडे भरलेले होते. मुलगी धडधाकट होती. तिची तुलना भलत्यांशी झाली होती.

यावर कोणी म्हणेल, मग यंत्रात 'भारतीय' असा पर्याय निवडावा, झाले. पण गेल्या काही वर्षांतला वाद नेमका इथेच आहे. स्पायरोमीटर बनवला लंडनच्या जॉन हचिन्सन यांनी, 1846 च्या सुमारास. आणि पाचच वर्षांत अमेरिकेतल्या सॅम्युअल कार्टराइट या गुलामगिरीच्या समर्थक डॉक्टरने त्याच यंत्राच्या आधारे कृष्णवर्णीयांची फुप्फुसे जन्मतःच दुबळी असल्याचे प्रतिपादन केले. वंशानुसार आकड्यात ठरावीक घट धरण्याची रीत पुढे इतकी रुळली की ती यंत्राच्या एका बटणात जाऊन बसली. 2012 साली जगभरच्या मोजमापांवरून अपेक्षित फुप्फुसक्षमता काढण्याची जी समीकरणे तयार झाली, त्यांत भारतीयांना स्वतंत्र गट मिळाला नाही, आपण 'इतर' या सदरात गेलो. नंतर 2023 साली अमेरिकन थोरॅसिक सोसायटी या फुप्फुसतज्ज्ञांच्या संघटनेने वंशनिरपेक्ष समीकरणे वापरावीत अशी शिफारस केली, कारण वंशाच्या नावाखाली घट धरली की बालपणीचे कुपोषण, चुलीचा धूर, कामाच्या ठिकाणची धूळ यांनी केलेले नुकसान 'यांचे असेच असते' म्हणून खपून जाते. उलट घट अजिबात न धरल्यास निरोगी माणसावर आजाराचा शिक्का बसू शकतो, जसा त्या मुलीवर बसला. हा पेच सुटलेला नाही, आणि माझ्या मते शिकवण्यासारखा आहे तो हाच. पण आमच्या प्रश्नपत्रिकेत त्याला जागा नाही, कारण त्याचे उत्तर दोन गुणांत मावत नाही.

पुण्याचे उदाहरण तर याहून बोलके आहे. पुण्यातल्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथली नवजात बाळे सरासरी 2.7 किलोंची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोंची. गावाकडची बाळे स्नायूंनी आणि अवयवांनी किरकोळ, मात्र त्वचेखालची चरबी त्या मानाने राखून असलेली निघाली. 'बारीक पण चरबीयुक्त' अशा या देहरचनेचा संबंध पुढे तरुणपणी जडणाऱ्या मधुमेहाशी लावला गेला. 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि लंडनचे जॉन यडकिन यांनी स्वतःचीच छायाचित्रे शेजारी शेजारी छापली: दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, अगदी सारखा, 22.3, शरीरातली चरबी मात्र यडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. शरीरक्रियाशास्त्राचा एक अख्खा तास त्या एका चित्रावर घेता येईल. भारतीयांसाठी जादा वजनाची बीएमआयची सीमा 25 ऐवजी 23 वर आणण्याची शिफारस 2009 साली झाली, ती अशाच पुराव्यांमुळे. तरीही पुण्यापासून तासाभराच्या अंतरावर शिकणारा विद्यार्थी सीमा तेवढी पाठ करतो. ती खाली का आली, हे त्याला ठाऊक नसते.

ऑक्सिमीटरचेही तसेच. कोविडच्या काळात 94 हा आकडा घरोघरी पाठ झाला होता. बोटातून आरपार जाणारा तांबडा आणि अवरक्त प्रकाश रक्तात किती शोषला गेला यावरून हे यंत्र रक्तातल्या ऑक्सिजनच्या प्रमाणाचा अंदाज बांधते, आणि त्वचेतले मेलॅनिन हे रंगद्रव्य त्या अंदाजात ढवळाढवळ करते. मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी 2020 साली दाखवले, की यंत्र 92 ते 96 टक्के दाखवत असताना धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत प्रमाण 88 च्याही खाली असण्याचे प्रसंग गोऱ्या रुग्णांत 3.6 टक्के, तर कृष्णवर्णीय रुग्णांत 11.7 टक्के होते. अशी शंका 1990 मध्येही संशोधकांनी व्यक्त केली होती. गव्हाळ, सावळे, काळे असे सगळे वर्ण जिथे एकाच वॉर्डात भेटतात, तिथल्या डॉक्टरला हे पहिल्याच वर्षी कळायला हवे.

2019 पासून लागू झालेल्या क्षमताधारित अभ्यासक्रमात लहान गटांत शिकवणे, लवकर रुग्णांजवळ नेणे अशा चांगल्या गोष्टी आहेत, हे मान्य केले पाहिजे. बेडकाच्या स्नायूचे प्रयोगही आता संगणकाच्या पडद्यावर पाहायचे असतात. धुरकटलेल्या ड्रमवर आलेख काढण्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्यालाही त्याचे दुःख नाही. परंतु बेडकाने मोकळे केलेले तास कुठे गेले? आधी पाया पक्का होऊ द्या, वाद नंतर, असे माझे काही सहकारी म्हणतात. त्यांचा मुद्दा पोकळ नाही, कारण नॉर्मल काय हे ठाऊक नसलेल्या मुलाला अपवाद समजणार नाही. पण तो आकडा कोणाच्या शरीरावरून काढला, हा पायाचाच भाग आहे.

म्हणून नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने पुढील गोष्टीचा विचार करावा. प्रत्येक महाविद्यालयातल्या पहिल्या वर्षाच्या मुलांनी प्रॅक्टिकलमध्ये स्वतःची उंची, वजन, कंबरेचा घेर, त्वचेच्या घडीची जाडी, फुप्फुसाची क्षमता आणि रक्तदाब मोजावा, आणि ते आकडे नावाविना विद्यापीठाकडे जमा व्हावेत. ज्याला आपले आकडे द्यायचे नसतील त्याच्यावर सक्ती नसावी, आणि त्यासाठी गुणही नसावेत. अठरा-एकोणीस वर्षांची, बऱ्यापैकी खाऊनपिऊन असलेली ही मुले म्हणजे महाराष्ट्र नव्हे, हे उघड आहे. ते त्यांना आपल्याच तक्त्यावरून ओळखता आले, तर तो संख्याशास्त्राचा धडा वेगळा शिकवावा लागणार नाही. परीक्षेत पाच गुणांचा एक प्रश्न असा असावा, की एक अहवाल द्यायचा आणि त्यातली तुलना कोणाशी केली आहे, ती योग्य का अयोग्य, हे विचारायचे. यंत्रे विभागांत असतातच. नवा खर्च काय तो तोंडात धरायच्या पुठ्ठ्याच्या नळ्यांचा. विद्यापीठाने मागवल्यास अशा प्रॅक्टिकलचा कच्चा आराखडा मी पाठवू शकेन.

आपला विश्वासू,
शरीरक्रियाशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक, सातारा