कॉम्बो पॅकमधल्या स्क्रब आणि लोशनबद्दल तक्रार – "सगळं लिमिटमध्ये आहे" एवढं उत्तर पुरणार नाही

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : फेस अँड बॉडी स्क्रब + लोशन कॉम्बो, पैसे परत आणि लेखी खुलासा मिळण्याबाबत

नमस्कार,

तुमच्या चॅटवर तक्रार टाकली होती, तिथून जे उत्तर आलं ते वाचून डोकंच फिरलं म्हणून आता सविस्तर लिहितेय. उत्तर काय, तर "आमच्या प्रॉडक्टमधला प्रत्येक घटक ठरवून दिलेल्या मर्यादेत आहे." अहो पण मी प्रत्येकाचं वेगवेगळं विचारलंच नव्हतं, मी विचारलं होतं की ही दोन्ही एकापाठोपाठ एक लावल्यावर काय होतं ते तुम्ही कधी तपासलंय का. बॉक्सवर तुम्हीच छापलंय ना, आधी स्क्रबने घासा, धुवा, लगेच लोशन लावा म्हणून? मग विकताना कॉम्बो आणि उत्तर देताना सुटं सुटं, हे कसं काय?

आधी स्क्रब. पुढे अक्रोडाचं चित्र, हिरवी पानं, मोठ्या अक्षरात नॅचरल, आणि मागे चष्मा लावूनही धड वाचता येत नाही अशा बारीक अक्षरात पॉलिएथिलीन, म्हणजे चक्क प्लास्टिक. मी थोडं स्क्रब पाण्यात कालवून सुती फडक्यातून गाळलं तर खसखशीपेक्षाही बारीक निळे दाणे उरले, वाळवून तव्यावर टाकले तर वितळून एकमेकांना चिकटले. आता मेणाचे दाणेही वितळतात, त्यामुळे माझ्या तव्याला कोणी लॅब म्हणणार नाही हे मान्य, पण लेबल तर तुमचंच आहे ना. आपल्याकडे बीआयएसने (भारतीय मानक ब्युरोने) 2017 सालीच कॉस्मेटिकमधले प्लास्टिकचे मायक्रोबीड, म्हणजे हेच बारीक दाणे, असुरक्षित ठरवलेत, अमेरिकेने धुऊन टाकायच्या प्रॉडक्टमधून ते काढायचा कायदा 2015 ला केला, युरोपने 2023 पासून बंदी आणली. आणि तुमच्या ट्यूबवर मॅन्युफॅक्चरिंग डेट यंदाची! जुना स्टॉक होता असं तरी सांगू नका.

आता लोशन. त्यात टिकवण्यासाठी घातलेली प्रिझर्वेटिव्ह तीन : मिथाइलपॅराबेन, प्रोपिलपॅराबेन आणि वर मिथाइलआयसोथायाझोलिनोन. माझ्या मुलीच्या मानेवर आणि कोपराच्या आतल्या बाजूला लाल चट्टे उठले, रात्रभर खाजवत बसायची, शेवटी स्किनच्या डॉक्टरांनी पाठीवर पट्ट्या चिकटवून पॅच टेस्ट केली तेव्हा हे शेवटचंच नाव पॉझिटिव्ह आलं. अंगावर तसंच राहणाऱ्या क्रीम-लोशनमध्ये हे घालायला युरोपात 2017 पासून बंदी आहे, शाम्पूसारख्या धुऊन टाकायच्या वस्तूंत फक्त 0.0015 टक्के चालतं. माझी नणंद जर्मनीत असते, तिने तिकडे तुमच्याच ब्रँडच्या लोशनचा फोटो पाठवला, त्यावर हे नाव नाहीये. म्हणजे तुम्हाला त्याच्याशिवाय बनवता येतं! आमच्या कातडीला काय वेगळा नियम लावलाय का?

प्रिझर्वेटिव्ह नकोतच असं मी म्हणत नाहीये, लोशनमध्ये पाणी असतं, काहीच घातलं नाही तर बुरशी धरेल हे कळतं मला. पॅराबेनची ॲलर्जी तशी कमी जणांना होते, उलट पॅराबेन-फ्री लिहून हे मिथाइलआयसोथायाझोलिनोन घालणारे जास्त त्रास देतात. पण पॅराबेन प्रयोगशाळेत इस्ट्रोजेन हार्मोनसारखं हलकंसं काम करतात म्हणून तर युरोपने प्रोपिलपॅराबेनवर 0.14 टक्क्यांची मर्यादा घातलीये ना.

आणि माझा मुद्दा नेमका इथेच आहे. हे दाणे अखंड कातडीतून आत शिरत नाहीत, मान्य, पण त्यांनी घासून वरचा थर पातळ केला की मागून लावलेल्या लोशनमधलं रसायन जास्त आत जाऊ शकतं. तोंडाजवळ चोळलं तर दोन्ही थोडंफार पोटातही जातं. पॅराबेनसारखी रसायनं प्लास्टिकच्या कणांना चिकटतात आणि कण ती वाहून नेऊ शकतात. म्हणून तर संशोधक आता पेशींवर, माशांवर, उंदरांवर प्लास्टिकचे कण आणि पॅराबेन या दोन्हींचा एकत्र परिणाम तपासायला लागलेत. माणसात एवढं घेतलं की अमुक आजार होतो असं कोणी सिद्ध केलेलं नाही आणि मीही तसा आरोप करत नाही. नेदरलँड्समध्ये 2022 ला 22 पैकी 17 रक्तदात्यांच्या रक्तात प्लास्टिक सापडलं, ते काय एकट्या स्क्रबमधून आलेलं नाही, पाण्याची बाटली आहे, कपडे आहेत, सगळीकडूनच येतं. पण मग आधीच एवढं जातंय तर त्यात तुमची भर कशाला? आणि मोरीतून जे वाहून जातं ते नदीत नाहीतर सांडपाण्याच्या गाळातून शेतात, ते वेगळंच.

तेव्हा मला लेखी पाहिजे ते असं : लोशनमध्ये ही तिन्ही प्रिझर्वेटिव्ह किती टक्के आहेत, स्क्रबमधले दाणे कशाचे आणि केवढे, आणि दोन्ही एकत्र वापरण्याची सेफ्टी टेस्ट केली असेल तर तिचा रिपोर्ट, नसेल तर "केलेली नाही" एवढं स्पष्ट लिहा. कॉम्बोचे पैसे आणि डॉक्टरांची फी परत करा. कूपन पाठवू नका, तुमचंच आणखी काहीतरी घ्यायला लावणारं कूपन घेऊन मी काय करू? पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणार आणि एक प्रत राज्याच्या एफडीएलाही (अन्न व औषध प्रशासनाला) देणार.

बिल, दोन्ही लेबलांचे फोटो आणि पॅच टेस्टचा रिपोर्ट जोडलाय. उरलेली ट्यूब आणि बाटली तशीच ठेवलीये, तपासायला हवी असेल तर माणूस पाठवा, पण पोचपावती घेतल्याशिवाय देणार नाही.

आपली ग्राहक,
नाशिक