भूलतज्ज्ञांवरही लिहा ना

संपादक साहेब, नमस्कार. आरोग्य पुरवणीत सर्जन लोकांबद्दल भरभरून येतं, भूल देणाऱ्या डॉक्टरांवर मात्र ओळही नाही, हे खरंच खटकतं. निदान व्हर्जिनिया अपगार बाईंवर तरी लेख द्या. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सर्जरी शिकल्या, पण बाईला सर्जन म्हणून जम बसवणं अवघड असं वरिष्ठांनीच सांगितलं म्हणून भुलीकडे वळल्या, तेव्हा हे काम बहुतेक नर्सच करायच्या, डॉक्टरला त्यात ना मान ना पैसा, तरी 1938 पासून त्यांनी तिथला भूल विभाग उभा केला आणि 1949 ला तिथल्या पहिल्या महिला फुल प्रोफेसर झाल्या. केवढी जिद्द! मग 1952 ला नवजात बाळाची तब्येत जोखणारा स्कोअर मांडला, म्हणजे ठोके, श्वास, अंगाचा रंग, हातापायातला जोर आणि नाकात नळी घातली की बाळ शिंकतं का नुसतं तोंड वाकडं करतं, प्रत्येकाला 0 ते 2 मार्क. आपल्याकडेही लेबर रूममध्ये आज हेच मोजतात. आणि जिल्ह्यातल्या भूलतज्ज्ञांच्या मुलाखती पण घ्या, रात्री दोनला सिझर निघालं तरी धावत येतात हो ही माणसं.

— एक वाचक, सांगली