घर विकण्याआधी एक मार्च महिना तिथे काढा

महोदय,

निवृत्तीनंतर परदेशात कमी खर्चात, निसर्गाला धरून कसे राहावे, यावर आपल्या रविवारच्या पुरवणीत लेख आला होता. त्यात थायलंडमधल्या च्यांग माईचा महिन्याचा खर्च दिला आहे आणि शेवटी इथले घर विकून ती रक्कम व्याजावर लावण्याचा सल्ला आहे. खर्चाचे आकडे खरे आहेत. सल्ला वाचून मात्र गप्प बसवेना, म्हणून हे पत्र.

मी बँकेतून निवृत्त झाले. २०२३ साली मी आणि माझे यजमान नेमके हेच करायला निघालो होतो. बडोद्याच्या कारेलीबागेतल्या आमच्या घराच्या बानाखताची (विक्रीच्या कराराची) तारीखसुद्धा ठरली होती. गिऱ्हाइकाची मुलगी आजारी पडली आणि ती तारीख पुढे गेली, एवढ्यावरच घर वाचले.

नोव्हेंबर २०२३ ते डिसेंबर २०२४ आम्ही च्यांग माईत राहिलो. तिथले राहणे खरोखर हलके आहे, हे आधी सांगते. एका खोलीच्या फ्लॅटचे भाडे दहा हजार बाट (तिथले चलन). गाडी नाही, स्कूटर नाही. सोंगथ्यू नावाच्या तांबड्या रंगाच्या भाड्याच्या गाड्या रस्त्यावर हात केला की थांबतात, मागच्या दोन बाकांवर दाटीवाटीने बसायचे आणि उतरताना तीस बाट द्यायचे. शाकाहारी माणसाने खाण्याच्या दुकानावर पिवळा झेंडा आणि त्यावरचे तांबडे अक्षर शोधावे. अशा दुकानातल्या जेवणात फिश सॉससुद्धा नसतो. मोठ्या दुकानांतून २०२० पासून प्लास्टिकच्या पिशव्या गेल्या, पण बाजारात गरम आमटीही पातळ पिशवीत भरून रबर लावून देतात. मी स्टीलचा डबा पुढे करायचे. पहिल्या दिवशी भाजीवाल्या बाईने डबा उलटासुलटा करून पाहिला, आठवड्याभरात मला लांबून बघूनच ती हात पुढे करू लागली. वर्षभरात आमच्या घरातून कचरा किती कमी निघाला, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आता लेखात नसलेले. पन्नाशी ओलांडलेल्याला राहण्याची वर्षभराची मुदत हवी, तर तिथल्या बँकेत आठ लाख बाट दाखवावे लागतात, नाहीतर महिना पासष्ट हजार बाटचे उत्पन्न. माझी पेन्शन तेवढी नाही, म्हणून ठेव. तेव्हाच्या भावाने एकोणीस लाखांच्या आसपास रुपये. अर्जाच्या आधी दोन महिने आणि मंजुरीनंतर तीन महिने ती रक्कम हलवता येत नाही, पुढेही निम्म्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. इथून पाठवताना सात लाखांवरच्या रकमेवर वीस टक्के टीसीएस (पैसे परदेशी पाठवताना बँक आधीच कापून घेते तो कर) कापला गेला (पुढे ती मर्यादा दहा लाख झाली). म्हणजे दोन लाख चाळीस हजार. रिटर्न भरल्यावर ते परत मिळाले, पण तोवर अडकले ते अडकलेच. शिवाय दर नव्वद दिवसांनी आपला पत्ता इमिग्रेशनला कळवायचा आणि दर वर्षी नव्याने अर्ज करायचा. दहा वर्षे राहिलात तरी या मुदतवाढीतून कायमचा हक्क मिळत नाही. आणि माझा इथला मेडिक्लेम तिथे चालत नव्हता.

हे सगळे पैशाने निभावते. मार्च निभावला नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी डोंगरात वणवे लागतात, मक्याच्या शेतातली धाटे जाळतात, शेजारच्या म्यानमार आणि लाओसमधूनही धूर येतो. च्यांग माई डोंगरांच्या मधल्या खोलगट भागात आहे, तिथे तो साचून राहतो. आमच्या गॅलरीतून डोई सुथेप समोर दिसायचा, त्यावरचे सोनेरी देऊळ रात्री चमकायचे. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात डोंगरच दिसेनासा झाला. दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या पंचावर सकाळी काळी कणी असायची, बोट फिरवले की रेघ उमटायची. यजमानांचा खोकला रात्रभर. हवा शुद्ध करण्याची दोन यंत्रे घेतली, ती चोवीस तास चालू. शेवटी सहा आठवडे दक्षिणेला हुआ हिनला जाऊन राहिलो, म्हणजे दोन ठिकाणचे भाडे. दर साल हे होते. लेखातल्या महिन्याच्या खर्चाला बाराने गुणले की वर्षाचा खर्च निघत नाही, तो यामुळे.

ऑगस्टच्या शेवटी इकडे बडोद्यात विश्वामित्री नदीला पूर आला. समोरच्या बेनकडे (शेजारणीकडे) किल्ली होती. त्यांनी आणि त्यांच्या मुलाने गुडघाभर पाण्यातून आमची गादी, कागदपत्रांची पेटी, सासूबाईंची पितळी भांडी माळ्यावर चढवली आणि मग मला फोन केला. मी त्याच रात्री तिकीट काढायला बसले, तेव्हा यजमानांनी आठवण करून दिली: देश सोडण्याआधी परत येण्याचा परवाना, हजार बाट, नाहीतर मुदतवाढ तिथेच संपते. यजमानांच्या राहण्याची मुदतही माझ्या मुदतीवरच अवलंबून होती. परवाना हातात येईतो पाणी ओसरले होते. मी इथे चिखल काढत होते आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिकडे पिंग नदी चढली, चांग खलान भागात पाणी शिरले, यजमान एकटे चौथ्या मजल्यावर. आधीच्या दोन कामांसकट वर्षात माझ्या एकटीच्या बडोद्याच्या तीन खेपा झाल्या. सोंगथ्यूने वाचवलेले पेट्रोल मी विमानात किती पटीने जाळले, याचा हिशेब अजून मनाला लागतो.

घर विकले असते तर समोरच्या बेनचा फोन मला आला नसता, आणि डिसेंबरात परत कुठे यायचे हा प्रश्न असता.

कुणी जाऊ नये, असे मी म्हणत नाही. जा, पण घर भाड्याने द्या किंवा बंद ठेवा, एक पूर्ण वर्ष काढा, त्यात मार्च-एप्रिल येऊ द्या, आणि मगच दलालाला बोलवा. आपल्या लेखकाने ठेव, टीसीएस, आरोग्यविमा, परत येण्याजाण्याची तिकिटे आणि धुराच्या महिन्यांतले दुसरे भाडे धरून वर्षाचा हिशेब पुन्हा द्यावा. माझ्या वहीत तो महिन्यावार लिहिलेला आहे. संपादकांना हवा असल्यास पाठवते.

आपली वाचक,
कारेलीबाग, बडोदे