कार्ड दुसऱ्यांदा दिलंस तेव्हा

सोलापूर, मंगळवार रात्र

चि. महेश यास अनेक आशीर्वाद.

काल सकाळी हुतात्मा एक्स्प्रेस सुटली आणि मी तिथंच बाकड्यावर बसून राहिलो. ओवीनं खिडकीतून हात केला, स्नेहलनंही केला. तू खाली मान घालून होतास. रागावलास ते बरोबरच आहे. रविवारी रात्री हॉटेलबाहेर रिक्षाची वाट बघताना मी तुझ्या कार्डावरून जे बोललो ते सूनबाईसमोर बोलायला नको होतं. बोलायचंच होतं तर घरी येऊन, गच्चीवर, तुला एकट्याला बोलायला हवं होतं.

पैशाचा विषय काढणार नाही असं तुझ्या आईला कबूल करून लिहायला बसलोय. त्यामुळं आधी जेवणाचं लिहितो.

तुझी आई कालपासून शेजारी सगळ्यांना तेच सांगतेय. दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू काढल्यावर तिनं स्वतः वाचलेलं पहिलं पुस्तक म्हणजे ते मेन्यूकार्ड. एवढ्या मंद दिव्यात चष्म्याशिवाय एकेक ओळ मोठ्यानं वाचत होती, मी तिला गप्प कर म्हणून तुला खुणावलं, तर तू म्हणालास, "वाचू द्या की अप्पा, मुद्दाम त्यासाठीच आणलंय." तेव्हा मला भरून आलं होतं, पण मी पाणी पीत राहिलो. अक्काची खुर्ची तू स्वतः ओढून दिलीस. अण्णा गेल्यापासून ती बाहेर कुठं जेवलीच नव्हती. वाढणाऱ्या पोराला "दादा, जरा घाईनं नको" म्हणालास. हे सगळं मी बघत होतो. तू कमावता झालास याचा अभिमान होताच, पण माणसाशी कसं बोलतोस ते बघून जास्त बरं वाटलं.

आणि ती शेंगाचटणी! पितळी वाटीत दोन चमचे, शेजारी कडक भाकरीचे तुकडे. आईनं चाखली आणि म्हणाली, "मिक्सरची आहे, उखळातली नाही. तेल सुटलं नाही." ओवीनं मात्र सगळी संपवली. त्या दोन चमच्यांचे वेगळे पैसे लावले होते हे मी बिलात पाहिलं.

बिलावर आलोच शेवटी.

सर्व्हिस चार्ज काढायला लावला म्हणून तुला लाज वाटली, हे मला तिथंच कळलं. ५,२०० चं जेवण, त्यावर ५२० सर्व्हिस चार्ज आणि त्या सगळ्यावर ५ टक्के जीएसटी. जीएसटी सरकारचा आहे, तो भरायचाच. सर्व्हिस चार्ज आपल्या मर्जीचा असतो. ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ च्या जुलैमध्येच तशा सूचना काढल्यात, हॉटेलवाल्यानं तो बिलात आपोआप धरायचा नाही. मॅनेजरनं लगेच काढला, वादही घातला नाही. तू म्हणालास, "पाचशे रुपयांसाठी अप्पा!" अरे, त्यातले तीनशे मी निघताना त्या वाढणाऱ्या पोराच्या हातात ठेवले. तू तेव्हा स्नेहलबरोबर दारात होतास. पोरगा पूर्व भागातला निघाला, घरात तेलुगू बोलतात म्हणाला, आजोबा मागावर विणायचे. त्याच्या हाताला काय मिळतं ते मला माहीत असावं, एवढंच मला हवं होतं.

पण माझ्या जिवाला लागलं ते बिल नाही. तू पहिलं कार्ड दिलंस, ते मशीननं घेतलं नाही. पोरगा हळूच काहीतरी म्हणाला. तू दुसरं दिलंस आणि ते चाललं. तुझ्या चेहऱ्यावर जे आलं ते मी चाळीस वर्षं बघितलंय, म्हणून मी बाहेर येऊन तसं बोललो. "रेंज नव्हती" म्हणालास. असेलही. रेंजचंच असेल.

नाही म्हणत म्हणत आलोच मी त्यावर. आता आलोय तर लिहून मोकळा होतो.

चादरीच्या कारखान्यात दिवाणजी म्हणून मी काय केलं हे तुला वरवर माहीत आहे. मालकाचा हिशेब लिहायचो, पण टेबलाच्या डाव्या कप्प्यात वेगळी वही होती, उचलीची. कुणी मुलीच्या लग्नाला उचल घ्यायचा, कुणी दवाखान्याला, कुणी दिवाळीला. आठवड्याच्या पगारातून थोडी थोडी कापायची. कापून फिटत आली की पुढचा खर्च उभा राहायचा आणि तोच माणूस परत माझ्यासमोर, खाली मान घालून. जेकार्डावर, म्हणजे नक्षी विणायच्या मागावर, हात असा चालायचा की नक्षीत एक दोरा चुकायचा नाही, असे कारागीर मी उचलीपायी अडकलेले पाहिले. दुसरीकडं चार पैसे जास्त मिळत असले तरी जाता यायचं नाही, आधी उचल फेडा. मग नवा मालक ती भरायचा आणि माणूस उचलीसकट तिकडं जायचा. आकडे मीच लिहीत होतो. माझ्या अक्षरात आहेत ते.

कार्ड म्हणजे तीच उचल आहे, महेश. फक्त समोर दिवाणजी बसलेला नाही, त्यामुळं मान खाली घालावी लागत नाही आणि माणसाला कळत नाही. बँकेतल्या आपल्या विजयला मी आज दुपारी विचारलं (तुझं नाव घेतलं नाही, शेजाऱ्याचं म्हणून विचारलं). तो म्हणाला, बऱ्याच कार्डांना महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. म्हणजे वर्षाला ४२. एक लाख थकले तर महिन्याचं नुसतं व्याज ३,५००, त्यावर १८ टक्के जीएसटी ६३०. आणि ते खाली 'मिनिमम' म्हणून लिहिलेलं असतं ना, तेवढंच भरलं की दंड वाचतो, व्याज वाचत नाही. वर नव्यानं जे घेशील त्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज चालू होतं, ते पंचेचाळीस-पन्नास दिवस बिनव्याजी मिळायचे ते मिळत नाहीत. म्हणजे थकबाकी असताना परवाचं आपलं जेवण त्या कार्डावर गेलं असेल तर आईनं वाचलेल्या प्रत्येक ओळीवर व्याज...

हे मी काय लिहितोय? खोडत नाही, कारण खोडलं तरी खालचं वाचशीलच. माफ कर. आईसाठी तू केलंस त्याला मी व्याज लावायला बसलो. तुझा फ्लॅटचा हप्ता, ओवीच्या शाळेची फी, दोघांच्या नोकऱ्या, हे तू आणि स्नेहल माझ्यापेक्षा जास्त विचार करून बघत असाल. मला फक्त सांगायचं होतं की अक्कासाठी, आईसाठी, माझ्यासाठी तुला मोठ्या हॉटेलात न्यायची गरज नाही. आम्हाला सात रस्ता चौकात उभ्यानं भजी चालली असती.

हेही खरं नाही. आईला फार आवडलं. मला पण आवडलं.

तुला आठवतं का, तू चौथीत असताना स्कॉलरशिपच्या परीक्षेत आलास म्हणून मी तुम्हाला नवी पेठेत डोसा खायला नेलं होतं? त्या महिन्यात पगार अर्धाच झाला होता. लक्ष्मी-विष्णू मिल बंद पडली होती, तात्या घरी बसले होते आणि त्यांचं दुखणं चालू होतं. मी तीन डोसे मागवले. तू, बबी आणि आई. मला पोटात गॅस झालाय असं सांगितलं. तू तुझ्या डोशाचा कुरकुरीत कडेचा तुकडा माझ्या ताटलीत ठेवलास आणि म्हणालास, "अप्पा, गॅसला हे चालतं." आईला हे आठवत नाही म्हणते. मला त्या टेबलावरचं फाटकं रेक्झिनसुद्धा आठवतं.

तेव्हाचं बिलसुद्धा मी उचलीतनं दिलं होतं. मालकाकडून घेतली होती, वहीत स्वतःचं नाव स्वतः लिहिलं. तात्यांच्या औषधासाठी म्हणून लिहिलं, आणि त्यातले पैसे डोशाला गेले. आजवर कुणालाच बोललो नव्हतो हे. ती उचल फिटायला मला सव्वा वर्ष लागलं. म्हणून रविवारी तुझा चेहरा बघितला आणि तोंडातून ते गेलं.

आता कामाचं. पोस्टातले माझे दोन लाख फेब्रुवारीत सुटतायत. आईला विचारलंय, तिनं हो म्हटलंय. गच्चीचं वॉटरप्रूफिंग पुढच्या वर्षी करू, पावसाला अजून वेळ आहे. कार्डावर किती आहेत तो आकडा एका कागदावर लिहून त्याचा फोटो मला पाठव. फक्त आकडा. कशाला झाले, कधीपासून, स्नेहलला माहीत आहे का, यातलं काही विचारणार नाही. काही नसेल तर शून्य लिहून पाठव, मी मानीन आणि परत विषय काढणार नाही.

संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला यायचंच आहे. ओवीला यंदा नंदीध्वज खांद्यावर बसून बघायचेत, आणि माझा खांदा आता तेवढा राहिला नाही, तो तुलाच द्यावा लागेल. जेवण घरीच. आईनं शेंगा आणून ठेवल्यात, चटणी यंदा उखळातच कुटणार म्हणते. मागच्या वेळचा स्टीलचा उभा डबा तुमच्याकडेच आहे, तो येताना आण.

पोचल्याचा फोन तू आईला केलास, मला नाही. उद्या मला कर.

तुझे
अप्पा