न वाचलेला शब्द आठवतो तेव्हा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मुद्रितशोधनात उमेदीची वर्षे घालवल्यामुळे डोळा अपेक्षित शब्दच वाचतो, हे मला ठाऊक होते. परंतु न वाचलेला शब्द स्मरणातही ठाण मांडतो, याचा प्रत्यय परवा घरीच आला. अंथरूण, उशी, चादर, जांभई, स्वप्न, घोरणे, डुलकी, पहाट असे शब्द कागदावर लिहून मी घरातल्या पाच जणांना वाचायला दिले आणि थोड्या वेळाने आठवतील तेवढे लिहायला सांगितले. तिघांनी ‘झोप’ लिहिले, जे यादीत नव्हतेच. सौभाग्यवतींनी तर तो शब्द ‘उशी’च्या खालीच होता, असे ठामपणे सांगितले!

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स डीझ यांनी १९५९ मध्ये अशाच याद्या ऐकवून हा प्रकार नोंदवला होता. रोडिगर आणि मॅकडरमॉट या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये तो पुन्हा तपासला, तेव्हा पहिल्या प्रयोगात यादीत नसलेला शब्द सुमारे ४० टक्के वेळा ‘आठवला’. संबंधित शब्दांमुळे मूळ कल्पना मनात जागी होते आणि ती वाचली की नुसती सुचली, हा भेद नंतर पुसला जातो, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते.

घरात ही गंमत ठरते, साक्षीदाराच्या बाबतीत नाही; प्रश्नातला एखादा शब्दही त्याला न पाहिलेले ‘आठवायला’ लावू शकतो. म्हणून जबाब नोंदवताना साक्षीदाराला विचारलेला प्रश्नही शब्दशः लिहून ठेवावा, अशी माझी सूचना आहे.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक