आलेख शिकवायचे तर आपल्या आकड्यांवर शिकवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

डेटा व्हिज्युअलायझेशन, म्हणजे आकडे आलेखांतून मांडणे, शिकण्याची आवाहने हल्ली वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत वारंवार वाचायला मिळतात. त्या वाटेला लागलेल्या, बडोद्यात राहणाऱ्या एका वाचकाचे हे म्हणणे. माझी नोकरी लेखा विभागात झाली. आकड्यांशी उभा जन्म गेला, प्रोग्रामिंगचा मात्र गंध नव्हता.

शिकावेसे वाटले ते आमच्या विश्वामित्री नदीमुळे. ऑगस्ट २०२४ च्या पुरात नदी २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर गेली. त्या दिवसांत फोनवर आकडे सतत येत होते, पण सुटे सुटे. नदी किती फुटांवर गेली की आपल्या गल्लीत पाणी शिरते, वरच्या आजवा सरोवराचे पाणी सोडल्यावर किती वेळाने नदी वाढते, हे कोणालाच नीट सांगता येईना. म्हणून मला असा आलेख हवा होता, की सोसायटीतल्या कोणीही रेषेवर बोट ठेवावे आणि त्या तासाची नदीची आणि आजवा सरोवराची पातळी शेजारी शेजारी दिसावी.

त्यासाठी डी-थ्री ही जावास्क्रिप्टची, म्हणजे वेबपानांच्या प्रोग्रामिंग भाषेची, लायब्ररी (आलेख काढायच्या तयार कोडचा संच) निवडली. २०११ पासून ती सगळ्यांसाठी मोफत आहे. पण पान डबल क्लिक करून उघडले की समोर कोरा पडदा! डिस्कवरून थेट उघडलेल्या पानाला शेजारची डेटा फाइल ब्राउझर सुरक्षेपायी वाचू देत नाही. पायथॉन या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेच्या एका ओळीने आपल्याच संगणकावर छोटा सर्व्हर (ब्राउझरला फाइली पुरवणारा प्रोग्राम) सुरू केला की काम होते. ही गोष्ट धड्यात सर्वांत आधी यायला हवी, ती बहुतेक जण गृहीत धरतात. आवृत्त्यांचेही तसेच. २०१६ च्या चौथ्या आवृत्तीत कितीतरी फंक्शनांची (तयार आज्ञांची) नावे बदलली, पाचवीत फाइल वाचण्याची रीत बदलली. जुने धडे मात्र तारखेशिवाय तसेच फिरत आहेत, आणि शिकणारा बिचारा आपलाच स्वल्पविराम कुठे राहिला ते शोधत बसतो.

याहून मोठी अडचण आपल्या आकड्यांची आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. आमच्याकडे पातळीची पत्रके गुजराती अंकांत येतात, आपण देवनागरीत लिहितो. जावास्क्रिप्टला यांतले काहीच संख्या म्हणून कळत नाही. आधी प्रत्येक अंक बदलून घ्यावा लागतो. ०५/०८/२०२४ ही आपली ५ ऑगस्ट ब्राउझर सर्रास ८ मे धरतो. लाखाचे स्वल्पविराम असलेला आकडा तर संख्याच मानला जात नाही. आणि सर्वांत घातक म्हणजे रिकामा रकाना. मजकुराची संख्या करण्याची जी सोपी युक्ती पहिल्याच धड्यात शिकवतात, ती रिकाम्या रकान्याचे शून्य करते. ज्या तासाची नोंदच झाली नाही, त्या तासाला आलेखात विश्वामित्री तळाला गेलेली दिसते. पाणी ओसरले असे समजून कोणी सामान खाली उतरवले तर? न आलेली रक्कम आणि शून्य रक्कम यांत लेखा विभागात आम्ही कधी गल्लत होऊ दिली नाही. डी-थ्रीमध्ये नोंद नसेल तिथे रेषा तोडण्याची सोय आहे, पण ती प्रगत भागात ढकललेली असते. माझ्या मते ती पहिल्या दिवशी शिकवावी.

आणखी एक. रेषेवर माउस नेला की माहितीची चौकट उघडते, हे उदाहरण सगळीकडे असते. पुरात वीज गेलेली, माणसे गच्चीवर आणि हातात फक्त फोन. तिथे माउस कुठला? शिकवताना बोटाचा स्पर्श आधी धरावा.

आपल्याला विनंती अशी, की या विषयाचा मजकूर छापताना सोबत आवृत्तीचा क्रमांक आणि लिहिल्याची तारीख द्यावी. उदाहरणे परदेशातल्या तयार, साफसूफ तक्त्यांची नकोत. नदीची पातळी, पाऊस, बाजारभाव अशी आपल्याकडची घ्यावीत, त्यांतल्या रिकाम्या रकान्यांसकट. पावसाळ्यात आपल्या संकेतस्थळावर पातळीचे चित्र टाकाल तेव्हा त्याखाली मूळ तक्ताही उतरवून घेता येईल असा ठेवावा. चित्रातून आकडे डोळ्यांनी वाचून पुन्हा टाइप करण्यातच शिकणाऱ्याचा निम्मा उत्साह जातो.

मी २०२४ च्या पुराच्या नोंदींचा तक्ता तयार केला आहे. नोंद नसलेले तास त्यात रिकामेच ठेवले आहेत. आपल्याला किंवा शिकवणाऱ्या कोणाला उपयोगी पडणार असेल तर तो पाठवायला मला आनंद वाटेल.

आपली,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे